मागं उभी राहिलेली माणसं

सिद्रामप्पांचा फोटो फ्रेमला आला तेव्हा मी काच कापत होते. त्यांचा मुलगा महेश पुण्याहून आला होता. त्याने मोबाइल पुढे केला.

"मावशी, हाच बरा वाटतोय. बारा बाय पंधरा करा."

फोटोत आप्पा त्यांच्या स्टुडिओच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, मान थोडी एका बाजूला कललेली. मोबाइलने मागचं सगळं आपोआप धूसर करून टाकलं होतं. दार, पाटी, काचेच्या कपाटातले नमुन्याचे फोटो, सगळ्याचं दही झालं होतं. त्या भानगडीत आप्पांच्या डाव्या कानाची कडही कापली गेली होती.

"मागं दुकान होतं ना रे?" मी विचारलं.

"होतं की. पण असंच भारी दिसतं मावशी. बोके म्हणतात ह्याला."

मी वाद घातला नाही. बाप जाऊन आठवडा झालेल्या माणसाला कानाच्या कडेवरून कोण बोलणार? फ्रेम करून दिली. पण ह्याला आप्पा बोके म्हणाले नसते, एवढं मला ठाऊक होतं. बोके म्हणजे काय, ते कुठं करायचं आणि कुठं करायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि त्यापायीच त्यांचं दुकान बंद पडलं.

मुरुमच्या बाजारात माझं काच-फ्रेमचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत. दुकान मूळ माझ्या वडिलांचं. ते मी चालवायला घेतलं तेव्हा बाईमाणसाला काच कापता येते का, हे बघायला लोक उगाच दारात उभे राहायचे. आप्पाही एकदा आले. मी कापलेली काच उजेडात धरून बघितली आणि दुसऱ्या दिवशी सहा फोटो आणून ठेवले. तेव्हापासून मला तंगी म्हणू लागले. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. घरी ते कानडी बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कॅमेऱ्यामागे गेले की पुन्हा कानडी. "इल्ले नोड्री," म्हणजे इकडं बघा. समोर तेर गावचा पाहुणा असो की उमरग्याचा साहेब, फोटो काढताना सगळ्यांना "इल्ले नोड्री"च. लोकांना अर्थ कळायचा नाही, पण बघायचे मात्र बरोबर तिकडंच.

"हसा" हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. म्हणायचे, "हसा म्हटलं की माणूस दात दाखवतोय. हसू राहतंय बाजूलाच." गिऱ्हाइकाची कॉलर दोन बोटांनी सरळ करायची, खांदे धरून एवढंसं वळवायचं, मग मागं सरकायचं, ही त्यांची रीत. ज्यांच्याकडे कोट नाही त्यांच्यासाठी एक काळा कोट होता. तो कुणालाही बसायचा, कारण पाठीमागून कपड्याचे चिमटे लावलेले असायचे. तालुक्यातल्या कितीतरी नवरदेवांच्या पाठीला ते चिमटे लागलेले आहेत आणि घरोघरच्या भिंतींवर ते सगळे साहेब दिसतात.

माझा आणि त्यांचा खरा संबंध मेलेल्या माणसांमुळे. कुणी गेलं की घरचे आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. येताना लोक नीट फोटो आणत नाहीत, कारण नसतोच. आणतात कुणाच्या तरी लग्नातला, पंधरा-वीस माणसांचा. मग बोट ठेवतात. "ह्या, मागच्या रांगेत, खांबाच्या कडेला. ती आमची आई." चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. आप्पा भिंग लावून बघायचे. तो चेहरा नीट आलेला असला तर त्यातून आई बाहेर काढायचे. नसला तर काढणार काय? म्हातारा नवरा समोर बसलेला आणि आप्पा भिंग खाली ठेवून सांगतायत, "काका, हे नुसतं लुगडं आलंय वो. तोंड न्हाय आलं." असं मी दोनदा ऐकलंय. भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

म्हणून त्यांचा एक नियम होता. लग्नाचे फोटो अकरावर काढायचे. हे अकरा म्हणजे लेन्सवरचा आकडा. मला एकदा समजावून सांगताना म्हणाले, "तू लांबचं वाचताना डोळे बारीक करतीस का न्हाय? तसंच हाय हे. लेन्सचं भोक बारीक केलं की फुडचं-मागचं समदं नीट येतंय. भोक मोठं केलं की एकच माणूस नीट, बाकी धूसर. आकडा मोठा तर भोक बारीक, असला उलटा कारभार हाय."

अकरावर उजेड भरपूर लागतो. त्यामुळे आप्पा वऱ्हाडाला उन्हात उभं करायचे. लोक डोळे किलकिले करायचे, शिव्या द्यायचे. "आप्पा, आमचं भरीत करताय का?" ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. म्हणायचे, "मागचा माणूस पण लग्नालाच आलाय. त्यानं पण नवा शर्ट घातलाय. त्याला कशाला पुसायचा?"

ते जुन्या वळणाचे होते म्हणून त्यांना नवं जमत नव्हतं, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. बोके हा शब्द मी मोबाइलवाल्यांच्या कितीतरी आधी आप्पांच्या तोंडून ऐकला. सोलापूरच्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याने त्यांना तो सांगितला होता. मूळ जपानी. माझ्या दुकानातच त्यांनी मला तो दाखवून दिला. संध्याकाळ होती, समोरच्या किराणा दुकानावर दिव्यांची माळ लागलेली. माझ्याच टेबलावरची सुई उचलून त्यांनी माझ्या डोळ्यासमोर धरली.

"सुईच्या नाकाकडं बघ. बघितलंस? आता मागच्या दिव्यांचं काय झालं, ते नजर न हलवता सांग."

"पसरले."

"कसे पसरले?"

"गोल. मोठे झाले."

"हां. ते बोके. नुसतं धूसर म्हंजे बोके न्हाय, तंगी. धूसर तर हात हालला तरी येतंय. बोके म्हंजे ते धूसर कसं हाय, त्याचा पोत. दिवा विरघळला पाह्यजे, पर दिवाच वाटला पाह्यजे. स्वस्तातल्या लेन्सला कडा फाटल्यागत येतात. चांगल्या लेन्सचं मऊ येतंय, सायीगत."

त्यांच्याकडे एक जुनी लेन्स होती, हाताने कडं फिरवायची. नव्या कॅमेऱ्याला मधे एक पितळी कडी बसवून ती लावायचे. नवरा-नवरी दोघंच असली की तिचं भोक पूर्ण उघडून एखादा फोटो काढायचे. मागे करडईचं पिवळं रान आणि पुढे ती दोघं. रानाचं नुसतं ऊन झालेलं असायचं. असे फोटो मी फ्रेम केलेत आणि काच बसवताना हात थांबवून बघितलेत. पण वऱ्हाड असलं की पुन्हा अकरा. "दोघंच असली तर दोघांना निवडावं," म्हणायचे. "भरल्या मांडवात एकीला निवडायची म्हंजे बाकीच्यांना हाकलायचं. ते काम माझं न्हाय."

डोळ्यांचं मला आधी कळलं ते एका केसामुळे. त्यांनी फ्रेमला आणलेल्या एका आजोबांच्या फोटोवर, बरोबर नाकावर, छपाईत एक केस आला होता. काचेवरचा धुळीचा कण न सोडणारा माणूस, आणि नाकावरचा केस दिसला नाही. मी दाखवला तर म्हणाले, "कुठाय?" आणि मान तिरकी करून फोटोच्या शेजारच्या भिंतीकडे बघू लागले. मला वाटलं रागावले. नंतर लक्षात आलं की आजकाल माझ्याशी बोलतानाही ते असंच माझ्या कानाच्या पलीकडे बघून बोलतात.

मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. "तुझी साडी दिसती, टेबल दिसतंय, मागचं कॅलेंडर दिसतंय. तुझं तोंड तेवढं न्हाय. मधोमध कुणीतरी बोट पुसल्यागत झालंय. बाजूला बघितलं की थोडं दिसतंय."

महेशला कळवू नको म्हणाले, म्हणून मीच त्यांना घेऊन सोलापूरला गेले. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढलं. पडदा मधे खराब झाला होता. मोतीबिंदूसारखं कापून काढण्यातलं ते नव्हतं. इंजेक्शनं घेतली तर उरलंय ते काही दिवस टिकेल, म्हणाले. परतीच्या एसटीत आप्पा नळदुर्गपर्यंत तिकीट बोटांत गुंडाळत बसले होते. मग म्हणाले, "गंमत बघ. म्या जन्मभर मागची माणसं पुसू दिली न्हाईत. आता मला मागचीच दिसत्यात, फुडचा माणूस पुसलाय."

मी म्हटलं, "आप्पा, काम थांबवा आता."

"अकरावर चालतंय अजून. पाच-सात फुटाचा अंदाज घेतला की समदं बसतंय त्यात. ह्या हंगामात चन्नप्पाच्या श्रुतीचं लगीन हाय. तेवढं करतो आणि कॅमेरा खाली ठेवतो. तोवर बोलू नको कुणाला."

मी बोलले नाही. माझी चूक ती एवढीच, आणि ती लहान नाही.

चन्नप्पा आडत व्यापारी. त्यांच्या श्रुतीचे पहिल्या वाढदिवसापासूनचे सगळे फोटो आप्पांनी काढलेले. ती आली की आप्पा कोपऱ्यातलं, लहान पोरांना फोटोसाठी बसवायचं लाकडी घोडं काढायचे. ती बारावीला गेली तरी काढायचे आणि ती लाजायची. लातूरला शिकून आली. लग्नाआधी महिनाभर ती मोबाइल घेऊन स्टुडिओत आली. मी तेव्हा तिथंच होते.

"आप्पा, मला सगळे फोटो असे पाहिजेत. मागचं सगळं धूसर. बोके म्हणतात."

"ठाऊक हाय मला. एखाद दुसरा काढू की."

"एखाद दुसरा नाही. हळदीपासून सगळे. मागं पातेली, खुर्च्या, बायका, काहीच नको दिसायला. तुम्हाला जमत नसेल तर बाबा लातूरचा फोटोग्राफर बघणार आहेत. मीच भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आप्पाच पाहिजेत."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या शेजारच्या भिंतीकडे. मी मान हलवली, नको म्हणून. ती त्यांना दिसली नसणार. किंवा दिसली असेल.

"काढतो," म्हणाले.

अकरावर चार बोटं अंदाज चुकला तरी खपतो. भोक पूर्ण उघडलं की बोटभरही चालत नाही. डोळे नीट फोकस झाले तर कान धूसर, इतकं ते नाजूक. आप्पांना मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं. त्यामुळे जे दिसतं ते स्वच्छ होईपर्यंत ते लेन्सचं कडं फिरवत गेले. हळद, अक्षता, वरात, सगळीकडे तसंच.

फोटो छापून त्यांनी चन्नप्पांच्या घरी पोचवले, आणि त्याच दुपारी चन्नप्पा तो गठ्ठा घेऊन आले. काउंटरवर टाकल्याचा आवाज मला भिंतीतून आला. मी गेले.

"सिद्रामप्पा, ही माझी लेक हाय का धुकं? सांगा की! भाकरी थापणाऱ्या बाईचं नाकडोळं मोजून घ्या, मांडवाच्या खांबाचं खिळं मोजा. आणि माझी लेक कुठाय?"

आप्पांनी एक फोटो उचलला, तिरका धरला, मग दुसरा उचलला. मग मान माझ्याकडे वळवली. माझ्या पावलांचा आवाज त्यांना कळला होता.

"तंगी, खरं सांग. तोंड कसं आलंय पोरीचं?"

मी पाच-सहा फोटो बघितले. खोटं बोलून काही उपयोग नव्हता, फोटो समोर होते.

"धूसर आलंय, आप्पा."

"एखादा?"

"सगळेच."

त्यांनी हातातला फोटो गठ्ठ्यावर नीट कडेला कड लावून ठेवला. "चन्नप्पा, माझं डोळं गेल्यात," म्हणाले. "तुमाला आधी सांगायला पाह्यजे होतं. न्हाय सांगितलं."

चन्नप्पा ओरडायचे थांबले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "अवो, लगीन पुन्हा लावू का आता?" आणि गेले.

त्या दिवशी आप्पांनी शटर ओढलं ते धंद्यासाठी पुन्हा उघडलं नाही. गठ्ठा मला दिला. बिघडलेले फोटो मी फ्रेममध्ये पुठ्ठ्याच्या आत घालते, काच घट्ट बसते. "वापरून टाक," म्हणाले.

मी निम्मे वापरलेही. दिवाळीनंतर एक मुलगी आली, धाराशिवला नर्स आहे. लग्नकार्यात भाकरी थापणाऱ्या गंगाबाईंची ती मुलगी. गंगाबाई आठ दिवसांपूर्वी गेल्या होत्या. मुलीने आधार कार्ड पुढे केलं. "ह्याच्यावरनं मोठा होईल का, मावशी? दुसरा फोटोच नाही आईचा." आधार कार्डवर माणूस कसा येतो, हे सांगायला नको. मी तिला बसवलं आणि उरलेला गठ्ठा उपसला. तळाला सापडला. पुढे हळदीतली श्रुती, नुसता पिवळा ढग. मागे चुलीपाशी गंगाबाई, हातावर भाकरी, कपाळाला पीठ, कुणाला तरी काहीतरी खट्याळ बोलून वर बघतायत. पापण्या मोजून घ्याव्यात. ती मुलगी तो फोटो धरून रडली. मी चहा सांगितला आणि तिला आप्पांच्या घरी घेऊन गेले. मला वाटलं, ह्यांना जरा बरं वाटेल.

आप्पा ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला नाही.

"डोळ्यात उजेडाचा ठिपका हाय का?"

"आहे."

"मग चेहरा जिवंत येईल. डोक्याच्या वर चार बोटं जागा सोडून कापायला सांग." मग म्हणाले, "आणि फुडं श्रुती कशी हाय? फाटल्यागत का मऊ?"

"मऊ."

"सायीगत?"

"हो, आप्पा."

"म्हंजे बोके बरं आलंय," म्हणाले.

ती मुलगी त्यांच्या पाया पडायला वाकली तर पाय मागे घेतले. "न्हाय माय. तुझ्या आईचा फोटो म्या काढलेला न्हाय. चुकून आलाय. म्या काढत होतो दुसरीचा, तिचं तोंड म्या घालवलं." समजूत घालायची मला सवय नाही, आणि त्यांना ती नकोच होती.

त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. श्रुतीचा एक फोटो पुन्हा काढायचा. चन्नप्पांकडे दोनदा निरोप गेला. पहिल्यांदा उत्तर आलं, बघू. दुसऱ्यांदा आलंच नाही. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, तेव्हा श्रुती येणारच, असा हिशोब करून आप्पांनी त्या दिवशी स्टुडिओ उघडला. ओट्यावर खुर्ची मांडली. तिवईवर कॅमेरा लावला, रस्त्याकडे पाठ करून. तिवईच्या पायाला सुतळी बांधली, तिला सात फुटांवर गाठ मारली आणि ती गाठ खुर्चीच्या पाठीला लावली. लेन्सवर सात फूट मला बघून लावायला सांगितलं. "आणि अकरा," म्हणाले. "ह्याला डोळं लागत न्हाईत. सुतळी पुरं."

सकाळपासून रस्त्याने नव्या साड्यांतल्या बायका वारुळाला जात होत्या, येत होत्या. आप्पा मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत होते. प्रत्येक घोळक्याला मला विचारायचे, "आली का गं?" मी काच कापता कापता सांगायचे, "नाही, आप्पा." दुपार कलली. ओट्यावरचं ऊन सरकायला लागलं.

"तू बस," म्हणाले एकदम. "उजेड जायला लागलाय. एकदा बघू तर बरोबर बसतंय का."

मी हात पुसून बसले. त्यांनी चाचपत माझा पदर खांद्यावर सरळ केला, खांदा एवढासा वळवला आणि कॅमेऱ्यामागे गेले. तेव्हा मला श्रुती दिसली. आप्पांच्या पाठीमागे, रस्त्याच्या पलीकडे, किराणा दुकानाच्या पायरीशी. हिरवी साडी, हातात पूजेचं ताट, सोबत आई. ती थांबून ओट्याकडेच बघत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मान हलवली. नको. एकदाच, पण स्पष्ट.

"इल्ले नोड्री," आप्पा म्हणाले. माझा चेहरा दिसावा म्हणून ते स्वतः बाजूच्या भिंतीकडे बघत होते. "हलू नको आता."

मी हलले नाही. खटका वाजला. पुन्हा बघितलं तर पायरी रिकामी होती. ती का आली नाही, हे मला माहीत नाही. बापाचा धाक असेल, किंवा चाचपडणारे आप्पा तिला बघवले नसतील. मी उठून हाक मारायला हवी होती. नाही मारली.

तो फोटो माझ्या दुकानात आहे. काच-फ्रेमचा नमुना म्हणून लावलाय. सगळं स्वच्छ आलंय. माझ्या कपाळावरच्या आठ्या, खुर्चीची वेतं, सुतळीची गाठ, भिंतीवरचं कॅलेंडर. नजर तेवढी कॅमेऱ्यात नाही, थोडी वर, डावीकडे, त्यांच्या खांद्याच्या पलीकडे.

"कुठं बघत होतीस?" त्या दिवशी खटका वाजल्याबरोबर आप्पांनी विचारलं होतं. फोटो न बघताच विचारलं. इतक्या वर्षांत माणसाचा श्वास कुठं वळतो ते त्यांना कळत असावं. "कुणी हाय का मागं?"

"म्हैस होती."

"मग तिला पण बसवायची की," म्हणाले आणि हसले. मग खाली बसून सुतळी गुंडाळायला लागले. अंगठा आणि कोपराभोवती, सावकाश, एकावर एक न चढवता. गाठ हाताला लागली तशी थांबले, ती बोटांनी चाचपली आणि न सोडवता तशीच गुंडाळून खिशात ठेवली.

"पुढच्या पंचमीला लागंल," म्हणाले.